पश्चिमेचं दार

दुकानात सरकतं दार नेहमीच छान सरकतं. गुळगुळीत फरशी, एसीची थंड हवा, वरून सोडलेला पांढरा उजेड, आणि त्या उजेडात स्टँडवर उभं केलेलं दार एका बोटाने लोटलं तरी निघून जातं. आमच्या इथल्या एका दुकानात तर दारामागे समुद्राचं मोठं चित्र चिकटवलेलं आहे. समुद्राकडून प्रत्यक्ष घरात जे येतं, त्यातलं काहीच मात्र तिथे नसतं. वारा नाही, झड नाही, खारी हवा नाही, चपलांना लागून आलेली वाळू नाही. दुकानदाराचा यात काही दोष नाही म्हणा. त्याला दार विकायचं असतं, पाऊस नाही.

आम्हाला दार हवं होतं ते मागच्या पडवीला. घर रत्नागिरी तालुक्यातलं, जांभ्याचं, कौलारू. ही पडवी पश्चिमेला. पलीकडे विहीर, माड आणि माडांच्या फटीतून दिसेल तेवढा समुद्र. पूर्वी मृग लागायच्या आधी या पडवीला झापं बांधत. झावळ्या विणून केलेली ती झापं चार महिने झड अडवायची आणि पुढे न्हाणीच्या चुलीत जायची. आता झापं विणणारे हात गावात उरले नाहीत. हल्ली निळी ताडपत्री बांधतो. ती रात्रभर फडफडते आणि पाऊस दिसू देत नाही. सासूबाईंना नेमका तोच पाहायचा असतो. "अगं, मी आता कुठे जाणार? बसल्या जागी पाऊस तरी दिसू दे," असं म्हणून दाराचा विषय त्यांनीच काढला आणि पाठोपाठ अट घातली, "पण उंबरठा नको हो. माझा पाय उचलत नाही."

जिने सगळी हयात रोज सकाळी उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं, तिनेच तो नको म्हणावा! पण खरं सांगायचं तर उंबरठ्याला बोटं आपटून घेण्यात त्यांच्याइतका अनुभव घरात दुसऱ्या कुणाचा नाही. तेव्हा तो काढायचा अधिकार असेल तर त्यांनाच.

लाकडाचा विचार केला नाही असं नाही. आठ फूट रुंद आणि सात फूट उंच दार सागात करायचं तर परवडत नाही, आणि परवडलं तरी ते आषाढात फुगणारच. आमच्या माजघराचं दार जूनमध्ये जे बसतं ते नवरात्रात सुटतं. शिवाय वाळवी आहेच. यूपीव्हीसीचाही एकाने फार आग्रह धरला. ते गंजत नाही, किडत नाही हे खरं. पण ते लवचीक, म्हणून मोठ्या मापाला आतून लोखंडी पट्टी घालावी लागते. खाऱ्या हवेत, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी लोखंड कोंडून ठेवायला माझा जीव होईना. लोखंडाचं इथे काय होतं ते फाटकाच्या बिजागऱ्या बघून कळतं.

राहिलं ॲल्युमिनियम. जांभ्याच्या घराला ॲल्युमिनियमचं दार म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुण्याच्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, घराची रया जाईल हं." तिच्या स्वतःच्या फ्लॅटला सगळीकडे ॲल्युमिनियमच आहे, ते सोडा. पण घराण्याचंच बघायचं तर जांभा आणि ॲल्युमिनियम एकाच कुळातले निघतात. सह्याद्रीचा काळा कातळ लाखो वर्षं पावसात भिजला, उन्हात तापला. त्यातलं विरघळण्यासारखं होतं ते पाण्याबरोबर गेलं; लोह आणि ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगं तेवढी मागे राहिली. लोहाचा वाटा मोठा तिथे तांबडा जांभा झाला, ॲल्युमिनियमचा मोठा तिथे बॉक्साइट. म्हणून तर दापोली-मंडणगडकडच्या सड्यांवर आणि घाटावर राधानगरी, शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइट सापडतो, त्याच्या खाणीही निघाल्या. भिंत पावसाने घडवली तशी दाराची मातीही पावसानेच घडवली. पुढचा प्रवास मात्र निराळा. चिरा खाणीतून काढला की भिंतीत बसतो. बॉक्साइटमधून धातू सोडवायला वीज लागते, आणि तीही भरमसाट, टनाला साधारण १४ हजार युनिट. या दारातल्या तीसेक किलो ॲल्युमिनियमसाठी कुठेतरी चारशेच्या वर युनिट जळली असणार. विजेने हा धातू काढायची रीत १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांचा पत्ता नसताना शोधली. त्याच्या दोनच वर्षं आधी वॉशिंग्टनच्या उंच स्मारकस्तंभाचं टोक मुद्दाम ॲल्युमिनियमचं केलं होतं, इतकं त्याचं अप्रूप. आज चहाच्या टपरीवरचं पातेलं त्याचं असतं.

नणंदेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण रंग तरी चॉकलेटी घ्या."

या व्यवहाराची खरी मेख भावात आहे. दार विकलं जातं चौरस फुटाने आणि त्याचं ॲल्युमिनियम विकत घेतलं जातं किलोने. दोन मापांच्या मधल्या जागेत काय वाटेल ते होऊ शकतं. सेक्शन म्हणजे काय, तर तापवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा साच्यातून दाबून काढलेली लांबलचक पोकळ पट्टी. चकलीच्या सोऱ्यातून निघावी तशी. तिची भिंत एक मिलिमीटर जाड असो की दोन, दार उभं राहिल्यावर बाहेरून फरक दिसत नाही. तेच ५६ चौरस फूट, तोच रंग, तीच काच, आणि आत निम्मा धातू. कापलेल्या तोंडाशीच काय ते कळतं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी तुकडा मागायची आणि तोंडाकडून पाहायची. एका दुकानात विक्रेता सगळं आमच्या ह्यांच्याकडे बघून सांगत होता. "सर, हेवी सेक्शन आहे." मी विचारलं, "हेवी म्हणजे फुटाला किती ग्रॅम?" तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ते जरा टेक्निकल असतं." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. टेक्निकल म्हटल्यावर गप्प बसायची सवय मला लागलेली नाही. हे मात्र दुकानाबाहेर जाऊन स्कूटर सुरू करून बसले.

शेवटी काम दिलं ते एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरला. पत्र्याची शेड, कटरचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि टेबलाच्या खणात व्हर्निअर. तुकडा मागितल्यावर त्याने तीन काढून दिले, वर म्हणाला, "काकू, वजन विचारणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं. बाकीचे रंग विचारतात." एक सव्वा मिलिमीटरचा, एक दीडचा, एक दोनचा. पहिला दोन हातांत धरून पिळला तर किंचित वळतो, ते मनगटाला कळलं. तिसरा वळेना. माणसाने दार घेताना निदान एवढं तरी करावं, तुकडा पिळून पाहावा.

मधल्या उभ्या पट्टीवर माझं लक्ष जास्त होतं. बंद दाराची दोन शटरं जिच्यापाशी एकमेकांना अडकतात तिला इंटरलॉक म्हणतात. बाकीच्या पट्ट्यांना कडेला भिंतीचा नाहीतर चौकटीचा आधार असतो. ही मात्र खालीवर टेकून सात फूट अधांतरी. वारा सगळा हिच्यावर येतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सत्तेचाळीसेक किलोचा भार टाकतो. आमचं एक शटर २.६ चौरस मीटरचं, म्हणजे त्यावर सव्वाशे किलोच्या आसपास. दोन माणसं दाराला पाठ लावून रेटत असल्यागत. आणि हे दर वर्षी होत नसलं तरी होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची कौलं आणि पोफळी कशा आडव्या केल्या ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. इंटरलॉक दोन मिलिमीटरचा घेतला. इथे काटकसर करायची नाही, हे घरात एकमताने ठरलेल्या फारच थोड्या गोष्टींपैकी एक.

काचेचं गणित सोपं आहे. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलोची. म्हणजे आमच्या शटरची ५ मिलिमीटरची काच साडेबत्तीस किलो, आणि ८ची घेतली तर ५२. ज्याला आपण एका बोटाने लोटतो ते एवढं ओझं खाली दोन रोलरांवर उभं असतं. काच जाड घेणारे पुष्कळ, रोलर विचारणारे कमी. मग दोनतीन वर्षांत दार खरखरू लागतं आणि लोक ट्रॅकमध्ये तेल ओततात, त्याने वाळू आणखी चिकटते. काच टफन्डच घ्यावी, यात दुमत नको. ६०० अंशांच्या वर तापवून एकदम हवेच्या झोताने थंड केलेली ही काच साध्या काचेच्या चारपाच पट ताकदीची असते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात. घरात पडणारं म्हातारं माणूस आणि धावणारं नातवंड असेल तर एवढं एक कारण पुरे. मात्र एकदा टफन केलेली काच कापता येत नाही. माप आधी पक्कं हवं. कोपऱ्यात तिचा शिक्का असतो, तो दार बसवायच्या आधी शोधावा. नंतर सगळे घाईत असतात.

आता उंबरठ्याकडे येते. सासूबाईंची अट मी सगळ्यांना सांगितली आणि सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली. हल्ली अगदी सपाट ट्रॅकची टूम आहे, फरशीच्या वर जेमतेम १५ मिलिमीटर. दिसायला सुरेख. पण साधं सरकतं दार कधीच पूर्ण घट्ट मिटत नाही. सरकायचं तर फट हवीच, तिथे फक्त ब्रश असतो. पाऊस ट्रॅकमध्ये येणारच आणि तो बाहेरच्या बाजूला पाडलेल्या भोकांतून निघून जावा अशी योजना असते. वारा नसेल तर जातोही. बाहेरून वारा दाबतो तेव्हा ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायचं सोडून आतल्या अंगाला चढतं. शाळेतली यू-नळी आठवा. एका तोंडात फुंकलं की दुसऱ्या तोंडात पाणी वर येतं. किती वर येतं याचा हिशेब मी एका पाकिटाच्या मागे केला. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला १७ मिलिमीटर. १०० किलोमीटरच्या वाऱ्याला ४७. म्हणजे साधा आषाढातला सणसणीत वारा आला तरी १५ मिलिमीटरच्या काठावरून पाणी आत. वादळाची वाट बघायची गरज नाही. सपाट ट्रॅक मुळी चालतच नाही असं नव्हे. खाली फरशी फोडून खोल नाली केली, तिला पुरेसा उतार दिला आणि दर आठवड्याला ती साफ केली तर चालतो. माडाची, आंब्याची पानगळ असलेल्या परसात ती नाली कोण साफ करणार, याचं उत्तर मला माहीत होतं.

त्या पाकिटाकडे पाहताना जुन्या घरांबद्दलचा माझा आदर वाढला. आमच्या घरी पश्चिमेकडे उंबरठा चांगला वीतभर आहे, आणि त्यापुढे पडवी, आणि पडवीवर खूप खाली उतरलेलं छप्पर. घर अंधारं का, म्हणून लग्न होऊन आले तेव्हा मी कुरकुर केली होती. उजेड कमी करायला नव्हे, झडीचा कोन तोडायला ते छप्पर खाली आणलं होतं. आम्ही आता पडवीच बंद करणार, म्हणजे दार झडीच्या थेट तोंडावर आणून ठेवणार. तेव्हा छप्पर आणखी तीन फूट पुढे काढायचं, हे दाराआधी ठरलं. त्याने दुपारचं ऊनही अडतं. पश्चिमेची काच ऑक्टोबरात काय भाजते ते पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांना विचारा.

आणि ट्रॅकचा आतला काठ ५० मिलिमीटरचा घ्यायचा, असं मी फॅब्रिकेटरला सांगून टाकलं. मग सासूबाईंकडे गेले. जरा बिचकतच. पाकीट दाखवलं नाही, पण पाणी कसं चढतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मागल्या दारी मी जाते कधी? विहिरीवर जायचं बंद होऊन किती वर्षं झाली. मला जायचं असतं पुढच्या अंगणात, तुळशीकडे. तिथला उंबरठा काढा की." पुढच्या दाराला ओटी आहे, तिथे झडीचं पाणी पोचत नाही. माझ्या सगळ्या हिशेबात हे कुठेच आलं नव्हतं, कारण मी दाराचा विचार करत होते आणि त्या चालण्याचा. पुढच्या उंबरठ्याला आत-बाहेर दोन्हीकडून फणसाच्या उतरत्या फळ्या सुताराने बसवून दिल्या. उंबरठा जागेवरच आहे, हळदकुंकवाला वर दोन बोटं जागाही राहिली आहे.

ट्रॅक किती ठेवायचे हा वाद मग अगदीच किरकोळ. दोन ट्रॅक घेतले की आठ फुटांतले चारच फूट उघडतात, हे पुष्कळांना दार बसल्यावर ध्यानात येतं. तीन ट्रॅकवर तीन शटरं केली तर पाच फूट चार इंच मिळतात. आम्ही तिसरा ट्रॅक मच्छरजाळीला दिला. चिकूच्या झाडाखाली संध्याकाळी जे काही उडतं ते पाहता दुसरा पर्याय नव्हता.

रंगाबद्दल एवढंच, की ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून ते अमर आहे असं समजू नये. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि तोच त्याला राखतो. मिठाची हवा तो थर जागोजागी भोकसते, मग बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी दिसू लागते. म्हणून इथे ॲनोडायझिंग घ्यायचं तर २५ मायक्रॉनचं, आणि पावडर कोटिंग घ्यायचं तर ६० मायक्रॉनच्या वरचं, कापलेल्या कडा उघड्या न ठेवता. स्क्रू साधे लोखंडी लावले तर सगळं मुसळ केरात. खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की गंज आणि झीज दोन्ही सुरू. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागितले. ते रत्नागिरीत मिळेनात, मुंबईहून आले. त्यांच्या किमतीवरून घरात दोन दिवस बोलणं झालं.

बसवायचा दिवस हा या सगळ्यातला खरा दिवस, आणि नेमकं त्या दिवशी घरातलं माणूस लग्नाला गेलेलं असतं. मी गेले नाही. जांभ्याची जुनी भिंत कुठेच ओळंब्यात नसते. वर आठ फूट, मधे पाऊण इंच कमी, खाली पुन्हा वेगळं. फॅब्रिकेटरकडून आलेल्या पोराने दोन्ही कर्ण मोजले, ते जुळेपर्यंत चौकटीखाली पाचरी सरकवत राहिला. काम करताना गप्प असणारा तो मुलगा मला फार आवडला. त्याचा जोडीदार मात्र सिमेंट कालवू लागला. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, डाग कायमचे राहतात; चौकटीवरची चिकटपट्टी शेवटपर्यंत काढू नका, असं सांगावं लागलं. शिवाय उन्हात आठ फुटांची पट्टी पावणेदोन मिलिमीटरपर्यंत वाढते, तिला भिंतीत सिमेंटने आवळून कसं चालेल? तिथे सिलिकॉनच हवं. आणि सिलिकॉन आलं की ते जिथे नको तिथेही जातं. सगळं झाल्यावर, वाकून, मोबाइलचा दिवा लावून मी ट्रॅकची बाहेरची भोकं पाहिली. एकूण चार. त्यातली दोन सिलिकॉनने व्यवस्थित बुजवलेली होती, वर बोट फिरवून गुळगुळीतही केलेली. "काकू, फट दिसली म्हणून भरली," जोडीदार म्हणाला. त्याच्या बाजूने बरोबरच होतं. फट भरणं हे त्याचं काम. ती दोन भोकं त्याने पटाशीने मोकळी केली, मग मी तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतलं आणि ते चारही भोकांतून बाहेर पडेपर्यंत कुणाला चहा दिला नाही.

दार चांगलं आहे. सासूबाई पावसाळ्यात दुपारभर तिथे बसतात आणि पलीकडच्या वाडीत कोण छत्री न घेता चाललंय ते आम्हाला सांगतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पट्ट्या पुसते, विशेषतः वरच्या, छपराखालच्या. कारण पाऊस लागतो तिथलं मीठ धुऊन जातं, आडोशाला राहतं. ट्रॅकमधली वाळू ब्रशने काढते, तेल घालत नाही.

तुम्ही घेणार असाल तर कोटेशनमध्ये चौरस फुटाच्या भावाशेजारी सेक्शनची जाडी आणि एकूण वजन, काचेची जाडी, रोलर किती किलोचे, स्क्रू कोणत्या प्रतीचे आणि ट्रॅकचा आतला काठ किती उंच, हे लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसऱ्याकडे जा. आणि बसवून झाल्यावर पैसे द्यायच्या आधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता.